चावीवाले भाऊ, माठातलं पाणी कालचंच होतं

भाऊ, आज नळाला पाणी पावणेसातला आलं. तुम्ही असता तर साडेसहाला आलं असतं, आणि तरीही मी तुम्हाला ऐकवलं असतं की पाच मिनिटं उशीर झाला. नवीन माणूस आलाय तुमच्या जागी. चांगला आहे हो, पन्नाशीचा, शांत. व्हॉल्व्हची चावी फिरवतो, मान खाली घालतो आणि निघून जातो. कुणाच्या दारात थांबत नाही, कुणाला टोचून बोलत नाही, प्यायला पाणी मागत नाही. असल्या माणसाशी भांडायचं कसं, मला तर काही समजत नाही.

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. गल्लीत जो तो तुमचे गुण गातोय. काय सरळ माणूस होता म्हणतात. मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, सरळ कुठला? पाण्याचा पाइप तेवढा सरळ टाकायला लावायचा, स्वतः मात्र प्रत्येक गोष्टीत आडवळणानं शिरायचा. सरळ माणसानं मला बावीस वर्षं रोज सकाळी तोच एक प्रश्न विचारला असता का?

म्हणून लिहायला बसलेय. माझी शाळा माहेरी टाकव्याला चौथीपर्यंत, पुढचं वाचणं मी इथं लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात खोक्यांवरची नावं लावत लावत शिकले. तेव्हा काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर हसू नका. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, तेवढ्यासाठी हा खटाटोप. आपलं भांडण अर्धवट राहिलं, भाऊ. पाणी एका रात्रीत शिळं होतं की नाही, हे. आणि त्या भांडणात मी तुमच्याशी खोटं बोलत आले. एकदा-दोनदा नाही, रोज. उद्या सांगू, परवा सांगू, दिवाळीला सांगू, असं करता करता तुम्ही सकाळी पाणी सोडलंत, चावी दाराशी टेकवून ठेवलीत, जेवलात, दुपारी जरा आडवे झालात आणि उठलाच नाहीत. इतकी घाई तुम्ही कधी कुठला व्हॉल्व्ह बंद करतानासुद्धा केली नव्हती.

पहिला दिवस आठवतो का? तेव्हा मी तुम्हाला भाऊ म्हणत नव्हते. 'अहो चावीवाले' म्हणायचे, सगळी गल्ली म्हणायची तसं. आमच्या भागाचं पाणी तुमच्याकडं नुकतंच आलं होतं. छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, सायकलच्या नळीला सुतळीनं बांधलेली. लांबून वाटायचं, हा माणूस कुणाचं तरी डोकं फोडायला निघालाय. मी ओट्यावर होते. नळाला पाणी आलं होतं, आणि रोजच्यासारखं मी कालचं भरलेलं दारापुढच्या गटारात ओतत होते. दोन हंडे, एक कळशी, अर्धी बादली. टाकव्याला आईनं तसंच शिकवलेलं. ताजं आलं की शिळं ओतायचं, भांडं घासायचं, नवं भरायचं. घरात शिळं पाणी ठेवणारी बाई आळशी.

तुम्ही सायकल थांबवलीत.

"काय ओतताय?"

"शिळं पाणी."

"किडं पडलं व्हय त्यात?"

"किडे कशाला पडतील? कालचं आहे. आता ताजं आलंय ना."

तुम्ही सायकल भिंतीला लावलीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता हा माणूस लवकर जात नाही.

"म्या आत्ता तळ्याकडनं आलोय," तुम्ही म्हणालात. "तितलं पाणी गेल्या पावसाळ्यातलं हाय. दहा म्हैने झालं, ते शिळं न्हाई. रातभर पाइपात पडून व्हतं, तवा शिळं न्हाई. तुमच्या हंड्यात आलं की एका रातीत शिळं. मंग बाई, हंडा नीट घासता का न्हाई तुमी?"

हंडा नीट घासता का, असं मला विचारलंत. मला. चिंच लावून घासलेला माझा तांब्याचा हंडा, त्यात तोंड बघून लोक कुंकू लावतील. मी म्हणाले, "आमच्या टाकव्यात शिळं पाणी कुणी पीत नाही."

"मंग काय पित्यात? नदी? ती कवाची हाय, ठावं हाय का?"

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव टाकवेकरीण पडलं आणि तुमचा प्रश्न सुरू झाला. पाणी सोडून परत जाताना सायकलचा वेग कमी करायचा आणि घंटी वाजवल्यासारखं विचारायचं, "टाकवेकरीण, ओतलं का?"

"ओतलं."

"शाब्बास."

ते 'शाब्बास' माझ्या डोक्यात जायचं. मी मुद्दाम अजून एक कळशी ओतायचे.

आता मोटरची गोष्ट. ही गोष्ट तुम्ही मेलात तरी कुणाला सांगितली नाहीत, घरात शेवंतावहिनींनासुद्धा नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हा मीच सांगते.

गाव वाढायला लागलं होतं. तुंगार्लीच्या अंगाला बंगल्यामागून बंगले, बंगल्याला पोहायची टाकी, हायवेकडं हॉटेलं. शनिवार-रविवारी गावात माणूस दुप्पट. तळं तेवढंच आणि पाइपही तेवढाच. पाहुणे विचारायचे, लोणावळ्यात एवढा पाऊस, मग तुमच्याकडं पाण्याची बोंब कशी? तुम्ही म्हणायचात, "पाऊस पडून जातोय. जो धरला त्याला पानी म्हनायचं." आमची गल्ली चढाची. तोंडाशी माझं घर, मध्ये तुमचं, आणि पार वर टोकाला नूरजहानभाभींचं. भाभींचे मालक स्टेशनाजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. सगळ्या गावाची वेळ त्यांच्या हातात, आणि घरच्या नळाला मात्र पाणी कधीच वेळेवर नाही. मला हे ऐकून माहीत होतं. भाभी भेटल्या की म्हणायच्या, "आज जरा कमी आलं." मी म्हणायचे, "आमच्याकडं पण दाब नाही हो." आणि तेवढ्यावर विषय संपायचा.

दाब नाही म्हणून आमच्या ह्यांनी नळाच्या लाइनीलाच मोटर बसवली. गुपचूप. सकाळी बटण दाबलं की हंडे असे भरायचे की बघत राहावं. मी खूश. एवढं पाणी आल्यावर ओतायलाही हात सैल सुटला.

एके दिवशी तुम्ही दारात आलात. प्रश्न नाही, टोमणा नाही. म्हणालात, "टाकवेकरीण, पाच मिन्टं चला माझ्यासंगं." मी म्हणाले, नळ चालू आहे. म्हणालात, "राहू द्या चालूच. चालूच पायजे."

भाभींच्या भिंतीपाशी पाइप जमिनीतून थोडा वर आलाय, तिथं तुम्ही चावीचं टोक टेकवलंत आणि वरचा दांडा माझ्या कानाला लावलात. लोखंड गार होतं.

"काय ऐकू येतंय?"

"भुंगा," मी म्हणाले. "भुंग्यासारखं घूं घूं."

"भुंगा न्हवं. तुमचे मालक हायती ते."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मग तुम्ही भाभींच्या घरात नेलंत. मोरीतला नळ पूर्ण सोडलेला. खाली बादली. नळातून नुसता वारा येत होता, सूं सूं, आणि मध्येच एखादा थेंब पडायचा. भाभींना वाटलं मी सहज आलेय. त्यांना केवढा आनंद झाला. "या ना ताई, किती दिवसांनी. बसा, चाय ठेवते." मी नको नको म्हणत होते, तोवर त्यांनी हंड्यात तांब्या घातला. तांब्या तळाला खरडल्याचा आवाज झाला. भाऊ, तो आवाज मला अजून ऐकू येतो. हंडा तिरका करून त्यांनी जेमतेम तांब्याभर पाणी काढलं आणि चहा ठेवला.

चहा समोर आला तेव्हा तुम्ही अगदी साळसूदपणे म्हणालात, "शिळ्या पान्याचा हाय बरं का. टाकवेकरणीला चालंल ना?"

भाभी बिचाऱ्या घाबरल्या. "कालचं आहे, पण झाकलेलं होतं हो ताई."

मी तो चहा प्यायले. त्या सकाळी मी दोन हंडे आणि कळशी गटारात ओतून आले होते. चहात आलं होतं, साखर जरा जास्त होती. इतका चांगला चहा आणि इतका अवघड चहा मी पुन्हा प्यायले नाही.

घरी येऊन ह्यांना म्हणाले, मोटर काढा. हे म्हणाले, "का? त्या चावीवाल्यानं भरवलं का? तुझा भाऊ लागला काय तो?"

मी म्हणाले, "लागला."

मोटर निघाली, आणि त्या दिवसापासून तुम्ही भाऊ. तुम्हाला वाटलं असेल, बाई सुधारली म्हणून म्हणते. कारण हे होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी पाणी ओतलं नाही. एक कळशीसुद्धा नाही. कालचं राहिलेलं माठात, कालचं राहिलेलं कणकेला, हंड्यात जेवढं कमी तेवढीच भर घालायची आणि नळ बंद करायचा. ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सांगून टाकायला हवी होती. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी सायकल हळू केलीत आणि त्याच सुरात विचारलंत, "टाकवेकरीण, ओतलं का?" आणि माझ्या तोंडातून गेलं, "ओतलं." अहो, मी माझ्या सासूपुढं कधी हार मानली नाही, तुमच्यापुढं भर गल्लीत मानणार होते का?

एकदा खोटं बोललं की ते रोज झाकावं लागतं. तुम्ही उन्हातून यायचात, म्हणायचात, "द्या घोटभर. कालचं द्या, कालचं." मी म्हणायचे, "कालचं कुठनं आणू? ओतलं ना. ताजं घ्या गुमान." आणि आत जाऊन माठात तांब्या बुडवून आणायचे. तुम्ही तोंडाला न लावता वरून घटाघटा प्यायचात, मिशी पुसायचात आणि म्हणायचात, "वा. ताजं पानी म्हंजी ताजं पानी." मला वाटायचं, काय भोळा माणूस आहे. आणि मला थोडी दया यायची तुमची.

बाकीच्या बायका मात्र खरोखरच ओतत होत्या. तुम्ही एखादं भाषण द्याल असं मला वाटलं होतं. पालिकेचा माणूस भिंतीवर 'पाणी वाचवा' असं निळ्या अक्षरात लिहून गेला होता, आणि त्याच भिंतीखालच्या गटारात सगळे हंडे ओतले जात होते. तुम्ही भिंतीकडं बघून नुसते हसायचात. मग एक दिवस तुम्ही जांभळाचं रोप घेऊन आलात, तुमच्या वाडीवरनं, आणि बरोबर गल्लीच्या टोकाला, चढ संपतो तिथं, भाभींच्या दारात लावलंत. पाणी भरायच्या वेळी ओट्या-ओट्यावर जाऊन सांगितलंत, "बायांनो, शिळं पानी ओतू नका असं म्या म्हननार न्हाई. आईबापानं शिकवलेलं हाय. पन गटारात ओतून कुनाला पोचत न्हाई. त्या झाडाला घाला. पितरास्नी पोचतं."

पितरांचं नाव काढल्यावर कोण नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी गल्लीतून अशी मिरवणूक निघाली, काय सांगू. कमरेवर हंडा, डोक्यावर हंडा, पदर खोचलेले, आणि तो चढ. रोप वीतभर आणि त्याला पंधरा घरचं पाणी. भाभी म्हणाल्या, "अरे बुडेल ना ते." मलाही जावं लागलं. मी तर 'ओतणारी' होते ना. माझ्या खोट्यापायी मी भरलेली कळशी घेऊन तो चढ रोज चढत होते आणि तुम्ही खाली सायकलला टेकून मोजत उभे.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. तिसऱ्या आठवड्यात समोरची म्हणाली, एवढं काही शिळं लागत नाही हो, कणकेला चालतं. मग कुणी म्हणालं, भाजीला चालतं. महिन्याभरात बायका चारचौघीत म्हणायला लागल्या, झाकून ठेवलं तर प्यायलासुद्धा काय होतंय. चढावर कळशी न्यायची बंद झाली आणि गटारात ओतायची लाज वाटायला लागली होती, त्यामुळं पाणी घरातच राहिलं. आणि वर भाभींच्या नळाला बादली भरायला लागली.

मी तुम्हाला म्हणाले होते, "तुम्ही झाड लावलंत का आमची खोड मोडलीत?"

"म्या काय क्येलं?" तुम्ही म्हणालात. "झाड लावलं."

झाड जगलं ते भाभींच्या वजूवर. त्या नमाजाआधी लोटा घेऊन त्याच्या आळ्यापाशी बसायच्या, हात-पाय-तोंड धुतलेलं सगळं पाणी मुळाशी. पितरांना पोचतं की नाही देव जाणे, जांभळाला पोचलं. तुम्ही त्यांना म्हणायचात, "भाभी, तुमी पाच येळा धुता म्हनून, न्हाईतर टाकवेकरणीच्या भरवशावर वाळलं असतं." पुढच्या पावसाळ्यात कौलांचं पाणी पिंपात धरायचं तुमचं खूळही भाभींनीच पहिलं ऐकलं. मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. पिंपात डास होतात हे माझं म्हणणं, जाळी बांधा हे तुमचं. तेही भांडण राहिलंच. ते मात्र मी अजून हरलेले नाही, लक्षात ठेवा.

तुमची नोकरी संपली तरी चावी तुमच्याच हातात राहिली, कारण कुठला व्हॉल्व्ह किती फेरे सोडायचा हे कागदावर कुठंच नव्हतं. ते तुमच्या मनगटात होतं. बंगलेवाल्यांनी वाढवून मागितलं, हॉटेलवाल्यांनी गोड बोलून बघितलं. तुम्ही म्हणायचात, "फेरा वाढवला तर वाढंल तुमचं, पन ते म्या कुनाच्या हंड्यातनं काढू, तेवढं नाव सांगा." नाव कोण सांगणार? पाण्यावर गावात एवढी भांडणं झाली, आमच्या गल्लीत मात्र एकच भांडण चाललं, तुमचं नि माझं, आणि ते बघायला लोक ओट्यावर यायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला नेलं. घर धुवायचं होतं. तुमच्या गावाकडच्या आत्याबाई आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "पोरींनो, घरातलं पानी वता समदं. मयताच्या घरातलं पानी ठिवायचं न्हाई." ती रीतच आहे, मला काय माहीत नाही? मी मोरीत गेले. बघते तर सगळं काठोकाठ. तीन हंडे, दोन कळशा, मोठं पिंप. सकाळी गल्लीला पाणी सोडून आल्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं भरलेलं. वर ताटल्या झाकलेल्या.

मी हंड्याला हात घातला आणि तो तिरका होईना. बावीस वर्षं 'ओतलं, ओतलं' म्हणणारी बाई मी, आणि खरोखर ओतायची वेळ आली तर हात चालेना.

आत्याबाई दारात. "बघत काय बसलीस? वत की."

मी म्हणाले, "ओतते. पण इथं नाही."

हंडा कमरेवर घेतला आणि बाहेर पडले. चढ तोच, गुडघे मात्र तेव्हाचे नाहीत. चार घरं गेले असेन, मागं पावलं वाजली. वळून बघते तर समोरची, तिच्यामागं तिची सून, तिच्यामागं अजून दोघी, प्रत्येकीच्या कमरेवर तुमच्या घरचं भांडं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आमचे हे, ज्यांना जिना चढताना धाप लागते, ते पिंपातली बादली भरून निघाले. मोटर बसवणारे हात, भाऊ. भाभींनी वरून बघितलं आणि चपला न घालताच खाली आल्या, माझा हंडा अर्ध्या वाटेत त्यांनी घेतला.

झाडाखाली जांभळांचा सडा पडलेला. आमचे पाय सगळे जांभळे. एकेकीनं पाणी घातलं. मग कुणीतरी, मला वाटतं समोरची, हळूच म्हणाली, "ताई, ओतलं का?" आणि भाऊ, आम्ही हसलो. मयताच्या दिवशी हसू नये, पण तोंडाला पदर लावून लावून हसलो, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतोय. आत्याबाई काठी टेकत तिथवर आल्या होत्या. म्हणाल्या, "ही कुठली गं रीत तुमची?"

भाभी म्हणाल्या, "आमच्या गल्लीची आहे, आत्या."

आत्याबाईंनी झाडाकडं बघितलं, आमच्या जांभळ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं हाय," आणि खाली वाकून एक जांभूळ उचलून, पुसून, पदराच्या गाठीला बांधलं.

तेराव्याला मी शेवंतावहिनींपाशी बसले होते. म्हटलं, आता भाऊंना नाही तर वहिनींना तरी सांगून मोकळं व्हावं. मी सगळं सांगितलं. की वहिनी, मी त्यांना रोज फसवत आले. ओतलं म्हणायचे आणि ओतत नव्हते. माणूस गेला आणि मी त्याला तू जिंकलास एवढं म्हणाले नाही.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"त्यास्नी ठावं व्हतं," म्हणाल्या.

"कसं ठाऊक असेल?"

"पयल्या आठवड्यातच घरी येऊन म्हनले, शेवंता, टाकवेकरीण लबाड हाय. ओतलं म्हनती आन प्यायला दात ठणकावं असं गार पानी देती. आज सकाळी भरलेला माठ तासाभरात गार व्हतोय व्हय? रातभर मुरल्याबिगर माठातलं पानी असं गार व्हत न्हाई."

मी बसल्या जागी गार झाले, त्या माठासारखी. एवढी वर्षं मी तुम्हाला माझा पुरावा तांब्यात घालून हातात देत होते आणि तुम्ही मिशी पुसून 'ताजं पानी' म्हणत होतात.

मी म्हणाले, "मग मला कधी पकडलं का नाही?"

वहिनी म्हणाल्या, "म्या बी इचारलं. म्हनले, पकडलं तर उद्या कशाला थांबायचं तिच्या दारात?"

घरी येऊन मी बराच वेळ माठापाशी बसले. रडले, हो. पण तुमचा राग पण आला. इतकी वर्षं मला वाटत होतं मी तुम्हाला खेळवतेय.

हे लिहायला मला तीन दिवस लागले, भाऊ. वर मी लिहिलंय की नवीन माणूस कुणाच्या दारात थांबत नाही. ते आता खोडायला हवं. आज सकाळी तो चावी घेऊन परत चालला होता, तेव्हा मीच ओट्यावरून हाक मारली. "अहो चावीवाले, जरा थांबा." बिचारा घाबरला, वाटलं पाणी कमी आलं म्हणून ओरडते. मी सांगितलं की आमच्या गल्लीला अजून दोन फेरे जास्त सोडा, म्हणजे वर जांभळाच्या घरापर्यंत पोचतं. किती फेरे ते मला तुमच्या हाताकडं बघून बघून पाठ झालेलं. त्यानं खिशातून कागद काढला आणि लिहून घेतलं. तुम्ही असता तर कागदाला हसला असता, पण मला बरं वाटलं. कागद माणसासारखा दुपारी झोपेत जात नाही.

मग मी आत गेले, माठात तांब्या बुडवला आणि त्याला आणून दिला. तो वरून घटाघटा प्यायला आणि त्यानं तांब्याकडं बघितलं.

"मावशी, लय गार हाय. ताजंच हाय नव्हं?"

आतून ह्यांनी पेपर खाली केल्याचा आवाज आला. समोरची ओट्यावर हंडा पुसत होती, तिचा हात थांबला.

"नाही हो," मी म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कालचं आहे. मी ओतत नाही."

तो म्हणाला, "मंग आजून एक तांब्या द्या."